साखळीची लांबी आणि क्रॉसची जागा

सोन्याचा क्रॉस घ्यायला निघालेली बहुतेक माणसं आधी क्रॉस पसंत करतात. नक्षी हवी की साधा, खडा असावा की नसावा, यात तासभर जातो, आणि साखळी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत ‘ही चालेल’ म्हणत उचलली जाते. मला हे उलटं वाटतं. आधी लांबी ठरवावी. क्रॉस गळ्याच्या खळीत बसणार, कॉलरबोनच्या खाली विसावणार की छातीच्या मधोमध उतरणार, हे नक्की झालं की त्याचा आकार, वजन, साखळीची जाडी, त्यावर शोभणारे कपडे, सगळं आपोआप सुचत जातं. आणि लांबी ठरवताना आपण आणखी एक गोष्ट ठरवत असतो, ती म्हणजे हा क्रॉस लोकांना दिसणार आहे की फक्त आपल्याला जाणवणार आहे.

तयार साखळ्या साधारणपणे 16, 18, 20, 22 आणि 24 इंचांच्या मिळतात, म्हणजे 40 सेंटिमीटरपासून 60 सेंटिमीटरपर्यंत. 16 इंची साखळी गळ्यालगत राहते, 18 इंची कॉलरबोनच्या आसपास येते, 20 ते 22 इंची छातीच्या वरच्या भागावर आणि 24 इंची त्याही खाली. पण हा हिशेब झाला सरासरी मानेचा. 13 इंचांच्या सडपातळ मानेवर जी 18 इंची साखळी छान खाली झुलते, तीच 16 इंचांच्या मानेवर गळपट्ट्यासारखी आवळून बसते. म्हणून कुणी ‘अठराची घे, सगळ्यांना शोभते’ असं म्हटलं की मी विचारते, ‘कुणाच्या गळ्यावर?’ टेपने आपल्या मानेचा घेर मोजावा. त्यात दोन इंच मिळवले की क्रॉस खळीच्या जवळपास येतो, चार इंच मिळवले की कॉलरबोनच्या खाली. पुढचं आपल्या आवडीवर.

आणखी एक गंमत इथे आहे. साखळी दोन इंचांनी वाढवली म्हणजे क्रॉस दोन इंच खाली येतो, असं नाही. वाढलेली लांबी मानेच्या दोन्ही बाजूंना वाटली जाते, त्यामुळे तो जेमतेम एक इंच उतरतो. ‘मोठी साखळी घेतली तरी फरकच पडला नाही’ ही तक्रार यातूनच येते. शिवाय क्रॉसची स्वतःची उंची असतेच. तीन सेंटिमीटरचा क्रॉस आणि वर अर्ध्या सेंटिमीटरची कडी, म्हणजे साखळी जिथे संपते तिथून साडेतीन सेंटिमीटर खाली त्याचं टोक. हे सगळं कागदावर करत बसण्यापेक्षा सोपा उपाय असा, की एका दोऱ्यात अंगठी ओवून तो गळ्यात बांधावा आणि आरशासमोर जावं. उभं राहून बघावं, खुर्चीत बसून बघावं, वाकून बघावं. वाकल्यावर अंगठी हनुवटीवर आपटत असेल तर तेवढी लांबी रोजच्या कामाच्या दिवशी त्रास देणार. मनासारखी जागा सापडली की दोरा सोडून पट्टीवर मोजायचा. तो आकडा खरा, बाकी सगळे अंदाज.

खळीत बसणारा क्रॉस सगळ्यात आधी दिसतो. समोरचा माणूस आपल्या चेहऱ्याकडे बघत असतो आणि त्याच नजरेत तो येतो. म्हणून तिथे लहानच हवा. दीड सेंटिमीटरच्या वरचा क्रॉस त्या जागी बोचतो, मान खाली घातली की त्याचं वरचं टोक रुततं. चार भुजा सारख्या असलेला ग्रीक क्रॉस या जागेसाठी उत्तम, कारण त्याला उंची कमी लागते. खालची भुजा लांब असलेला लॅटिन क्रॉस आपल्याला सगळ्यात ओळखीचा. त्याला मोकळी उतरण लागते, तो कॉलरबोनच्या खालीच खुलतो. भुजांच्या मिलनाभोवती गोल कडं असलेला केल्टिक क्रॉस गोलाईमुळे कपड्यांत कमी अडकतो. खाली तिरपी पट्टी असलेला ऑर्थोडॉक्स क्रॉस फार छोटा घेतला तर त्याच्या तीन आडव्या पट्ट्या एकमेकींत मिसळून जातात, तो थोडा मोठाच घ्यावा आणि लांब साखळीत घालावा. सांगायचा मुद्दा, जागा ठरली की आकार निवडणं सोपं होतं. आकार आधी ठरवला तर त्याला जागा शोधत बसावं लागतं.

माझा स्वतःचा क्रॉस कॉलरबोनच्या दोन बोटं खाली येतो. साधा, लॅटिन, कसलीही नक्षी नाही. विचार करताना माझा अंगठा त्याच्या खालच्या भुजेवर फिरत राहतो आणि तेवढ्या भागाची कड आता बाकीच्या कडांपेक्षा मऊ झाली आहे, चमकही तिथे वेगळी, जरा दुधाळ. नवा असताना तो सगळीकडून सारखाच लखलखत होता. मला आताचा जास्त आवडतो.

वजनाबद्दल लोक फार कमी बोलतात. शुद्ध सोनं पाण्याच्या 19 पटींहून जड असतं. मिश्रणात ते थोडं हलकं होतं, तरी भरीव सोन्याचा छोटासा क्रॉसही अंगावर शांत पडून राहतो. आतून पोकळ किंवा पत्र्यासारखा पातळ क्रॉस मात्र चालताना भिरभिरतो, उलटतो, कधी पाठमोरा होऊन बसतो. सतत तो सरळ करत राहावं लागणं यासारखा कंटाळा नाही. विकत घेतानाच ही परीक्षा करता येते. क्रॉस साखळीत ओवून हातात धरावा आणि हलकेच हिंदोळा द्यावा. चांगला घडवलेला क्रॉस दोन-चार हेलकाव्यांत तोंड पुढे करून थांबतो. जो गिरक्या घेत राहतो, त्याची कडी एक तर फार बारीक असते किंवा मधोमध नसते. ज्यांना हा त्रास अजिबात नको, त्यांच्यासाठी दोन्ही आडव्या भुजांना कड्या लावून साखळीच त्यात अडकवलेले क्रॉस मिळतात. ते उलटत नाहीत. पण ते जागेवरून हलतही नाहीत, आणि क्रॉसचं ते किंचित डुलणं मला तरी हवंसं वाटतं.

साखळीचे प्रकार पुष्कळ आहेत, पण क्रॉससाठी उपयोगाचे थोडेच. साध्या गोल कड्यांची केबल चेन, चौकोनी कड्यांची बॉक्स चेन आणि दोरीसारखी पीळ दिलेली रोप चेन, या तिघी वजन नीट पेलतात आणि तुटल्या तर दुरुस्तही होतात. नागमोडी गुळगुळीत स्नेक चेन आणि चपटी हेरिंगबोन दिसायला सुरेख, पण एकदा मोडून कोन पडला की तो सहसा जात नाही. त्यांच्यात लटकन घालूच नये, त्या एकट्याच घालायच्या. रोप चेन स्वतःच चमकते, त्यामुळे नक्षीदार क्रॉसशी तिचं भांडण होतं. तिच्यात साधा, गुळगुळीत क्रॉस घालावा. उलट साध्या केबल चेनमध्ये कोरीव काम उठून दिसतं. एक छोटी गोष्ट दुकानातच बघून घ्यायची. साखळीच्या टोकाची कडी आणि हूक क्रॉसच्या कडीतून पार जायला हवेत. घरी आल्यावर ते जात नाहीत असं कळलं, तर क्रॉसची कडी उघडून पुन्हा डाग द्यावा, म्हणजे सोनाराकडून सांधून घ्यावी लागते.

कसाचं थोडक्यात सांगते. 22 कॅरट म्हणजे 91.6 टक्के सोनं, 18 कॅरट म्हणजे 75 टक्के, 14 कॅरट म्हणजे साधारण 58.5 टक्के. जितकं शुद्ध तितकं मऊ. रोज घालायच्या बारीक साखळीसाठी 18 किंवा 14 कॅरटचं सोनं जास्त टिकतं, 22 कॅरटची अगदी बारीक साखळी ताणली जाते. क्रॉस आणि साखळी शक्यतो एकाच कसाची असावी. एक कारण रंग. 22 कॅरटच्या पिवळ्याधमक क्रॉसला 14 कॅरटची फिकी साखळी लावली की दोन्ही परकी वाटतात. दुसरं कारण झीज. कठीण धातू मऊ धातूला घासतो, आणि वर्षानुवर्षं घासत राहतो.

आता कपडे. गळ्यातली साखळी स्वतःच एक व्ही काढते आणि क्रॉस म्हणजे एक उभी आणि एक आडवी रेघ. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की बरंचसं समजतं. व्ही गळ्यात क्रॉस सगळ्यात सुखात असतो, फक्त त्याचं टोक कापडाच्या टोकाच्या दोन बोटं वर राहायला हवं. ते कापडाला टेकलं की प्रत्येक श्वासाबरोबर क्रॉस वर उचलला जातो. चौकोनी गळ्यात क्रॉसचे काटकोन आणि गळ्याचे काटकोन एकमेकांना ओळख देतात, तिथे बारीक क्रॉसही भारदस्त दिसतो. गोल बंद गळ्याच्या टी-शर्टवर मात्र निर्णय घ्यावाच लागतो, एक तर पूर्ण आत किंवा 22 इंचांच्या पुढे जाऊन पूर्ण बाहेर. अर्धा आत आणि अर्धा बाहेर, कापडाच्या पट्टीखालून डोकावणारा क्रॉस मला बघवत नाही. शर्टाचं वरचं एक बटण उघडं ठेवलं तर 16 ते 18 इंचांची साखळी त्या फटीत बरोबर येते, दोन उघडी ठेवली तर 20 इंची. उंच बंद गळ्याच्या लोकरीच्या कपड्यावर लांब साखळीच हवी, आणि तिथे टोकं गोलसर असलेला क्रॉस घ्यावा, कारण अणकुचीदार भुजा लोकरीचे धागे ओढून काढतात. लेसवर आणि गर्दीच्या छापील कापडावर क्रॉस हरवतो. त्याची बाह्यरेषा हीच त्याची ओळख आहे. मागे सपाट रंग नसेल तर ती रेषा डोळ्यांना सापडतच नाही.

रंगांत काळा, गडद निळा, बाटलीहिरवा आणि मरून यांच्यावर सोनं बोलतं. पांढऱ्यावर ते हळू आवाजात बोलतं, आणि मला ते फार आवडतं, विशेषतः सुती पांढऱ्या शर्टावर. मोहरी, बदामी किंवा फिक्या पिवळ्या रंगावर पिवळं सोनं विरून जातं. तिथे तांबूस सोन्याचा क्रॉस निभावून नेतो. चेहरा गोल असेल तर अमुक लांबी, लांबट असेल तर तमुक, असे तक्ते सगळीकडे असतात. मला त्यांत फारसं तथ्य दिसलेलं नाही. मानेची उंची, खांद्यांची रुंदी आणि अंगावरच्या कपड्याचा गळा या तीन गोष्टी चेहऱ्याच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त फरक पाडतात.

एकावर एक साखळ्या घालायच्या असतील तर क्रॉस सगळ्यात खाली असावा आणि लटकन असलेला तेवढा एकच असावा. वरच्या साखळ्या बिनलटकनाच्या, दोघींच्या लांबीत निदान दोन इंचांचं अंतर, आणि शक्यतो एक जाड, एक बारीक. सारख्या जाडीच्या दोन नाजूक साखळ्या दुपारपर्यंत एकमेकींत गुंतलेल्या असतात. गळ्यालगत छोट्या मोत्यांची माळ आणि तिच्याखाली सोन्याचा क्रॉस, ही जोडी मला सगळ्यात देखणी वाटते, कारण मोती प्रकाश मुरवून घेतात आणि सोनं तो परत फेकतं. क्रॉसशेजारी राशीचं चिन्ह, हृदय, आद्याक्षर असं सगळं घातलेलं मला पटत नाही. क्रॉसला भोवती रिकामी जागा लागते. कानात छोटे टॉप किंवा बारीक रिंगा पुरेत. कानातही क्रॉस, गळ्यातही क्रॉस आणि मनगटावरही, असं झालं की एकाकडेही नीट लक्ष जात नाही.

पुरुषांसाठी वेगळे नियम करायची मला गरज वाटत नाही. मान रुंद असते म्हणून साखळी 20 ते 24 इंची आणि चपट्या कड्यांची कर्ब चेन, इतकंच. शर्टाच्या आत राहणारा अडीच-तीन सेंटिमीटरचा भरीव क्रॉस पुरुषांना फार शोभतो. एखाद्या हालचालीत तो क्षणभर चमकतो, तेवढं पुरतं.

आत की बाहेर, हा प्रश्न मात्र लांबीबरोबर सुटतो असं वाटलं तरी तो फार जुना आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लिंडिसफार्नचा बिशप संत कथबर्ट 687 साली वारला. त्याची शवपेटी शतकांच्या ओघात अनेकदा उघडली गेली, पण त्याच्या गळ्यातला सोन्याचा आणि गार्नेट या लाल खड्यांचा क्रॉस हाती लागला तो थेट 1827 मध्ये, छातीजवळच्या वस्त्रांच्या अवशेषांत खोल दडलेला. त्यावर मोडून पुन्हा जोडल्याच्या खुणा आहेत. म्हणजे तो दफनासाठी घडवलेला कोरा दागिना नव्हता, वापरातला होता. त्याच सातव्या शतकातली दुसरी एक कबर 2011 मध्ये केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टनला सापडली. त्यात साधारण सोळा वर्षांची मुलगी होती आणि तिच्याबरोबर सोन्याचा, गार्नेट जडवलेला, साडेतीन सेंटिमीटरचा क्रॉस. त्याच्या मागच्या बाजूला छोट्या कड्या आहेत, म्हणजे तो साखळीत घालायचा नसून कपड्यावर टाचायचा होता. एकाच शतकात, एकाच देशात, जवळजवळ एकसारख्या कारागिरीचे दोन क्रॉस. एक वस्त्रांच्या थरांखाली, दुसरा सगळ्यांना दिसेल असा वर शिवलेला. या दोघांचा विचार मी वारंवार करते. बिशपने तो आत ठेवला आणि कोवळ्या मुलीने बाहेर मिरवला, यातलं कुठलं जास्त भक्तीचं, हे ठरवणारे आपण कोण? दोघांनी तो अंगावर बाळगला, हे खरं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला क्रॉस पुष्कळजण आयुष्यभर कपड्यांच्या आत, अंगाला लागूनच ठेवतात. कॅथलिक बिशपांचा क्रॉस मात्र लांब साखळीत, छातीवर, सगळ्यांसमोर असतो. पोप फ्रान्सिस 2013 मध्ये पोप झाले, तेव्हा सोन्याचा क्रॉस न घेता त्यांनी आपला पूर्वीचाच साधा चंदेरी क्रॉस गळ्यात ठेवला आणि त्या एका निवडीची जगभर दखल घेतली गेली. धातू बदलला तरी माणसं काय ते ओळखतात.

मी स्वतः दिवसावर ठरवते. कामाच्या बैठकीत, अनोळखी लोकांत तो बाहेर असला तरी मला काही वाटत नाही. आजारी माणसाला भेटायला जाताना किंवा कुणाच्या दुःखात शेजारी बसताना मी तो आत सरकवते. तिथे माझ्या श्रद्धेने समोरच्याच्या आधी बोलू नये, असं मला वाटतं. आत गेलेला क्रॉस आधी थंडगार लागतो आणि मिनिटभरात अंगाइतकाच उबदार होतो. मग तो आहे हे मला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही.

एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, ‘मी चर्चमध्ये जात नाही, माझा तो धर्मही नाही. मला तो आकार आवडतो. घालू का गं?’ मी म्हटलं, ‘घाल. पण तो काय आहे ते माहीत असू दे.’ तिने खरंच माहिती काढली, आणि मग आमचं त्यावर बराच वेळ बोलणं झालं. रोमन साम्राज्यात क्रूस ही गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेली, हालहाल करून मारणारी शिक्षा होती. त्या काळात कुणी तो गळ्यात घातला असता तर आजूबाजूचे शहारले असते. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवरच्या एका भिंतीवर कुणीतरी खरवडून काढलेलं एक जुनं चित्र सापडलं आहे. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आणि त्याला वंदन करणारा अलेक्सामेनोस नावाचा कुणी भक्त. टिंगल करायला काढलेलं ते चित्र, येशूच्या क्रुसावरच्या मरणाच्या सगळ्यात जुन्या चित्रणांपैकी एक मानलं जातं. ख्रिस्ती लोकांनी स्वतः उघडपणे ते दृश्य कोरलं, तेही बऱ्याच उशिरा. रोममधल्याच सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर ते आहे, इसवी सन 430 च्या सुमाराचं. जो आकार बघून माणसं मान फिरवत होती, तोच पुढे सोन्यात घडवून हृदयाजवळ ठेवला गेला, हे मला कुठल्याही अलंकाराच्या बाबतीत घडलेलं सगळ्यात मोठं परिवर्तन वाटतं.

हे ठाऊक असलं की घालण्यात आपोआप एक अदब येते. साधा क्रॉस कुणीही प्रेमाने घालावा, असं माझं मत आहे. येशूची मूर्ती असलेला क्रूसिफिक्स मात्र मला केवळ शोभेसाठी घातलेला आवडत नाही. त्यावर एक माणूस यातना सोसतो आहे. तो घालणाऱ्याने तरी तो उलटा पडणार नाही, दुसऱ्या साखळ्यांखाली दबणार नाही, एवढं बघावं. 1980 च्या दशकात पॉप गायिका मॅडोनाने क्रॉसच्या माळा फॅशनमध्ये आणल्या आणि त्यावरून वादळही उठलं. प्रिन्सेस डायनाने 1987 मध्ये ॲमेथिस्ट या जांभळ्या खड्यांचा आणि हिऱ्यांचा, ‘अतल्ला’ नावाने ओळखला जाणारा मोठा क्रॉस जांभळ्या पोशाखावर घातला होता. तोच क्रॉस जानेवारी 2023 मध्ये लिलावातून अमेरिकी टीव्हीतारका किम कार्दाशियनकडे गेला. डायनाच्या त्या निवडीतून शिकण्यासारखं हे, की खड्याचा रंग कपड्याने उचलला होता आणि म्हणूनच एवढा मोठा क्रॉस उपरा वाटला नाही. लाल खड्याच्या सोन्याच्या क्रॉसबरोबर मरून कपडा घातला तर तेच घडतं. लांब भुजेला कडी लावून उलटा टांगलेला क्रॉस ही येशूचा शिष्य संत पेत्र याची खूण, कारण आपल्याला उलटं खिळावं असं त्याने सांगितल्याची परंपरा आहे. पण आज बघणारा त्याचा वेगळाच अर्थ घेतो. पेत्राच्या आठवणीसाठी घालायचा असेल तर तेवढं समजावून सांगायची तयारी ठेवावी.

नोकरीच्या जागेचा विचारही करावा लागतो. 15 जानेवारी 2013 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकाच निकालात दोन ब्रिटिश स्त्रियांच्या क्रॉसबद्दल दोन वेगळी मतं दिली. विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर काम करणाऱ्या एकीला तो दिसेल असा घालण्यापासून अडवणं चूक ठरलं. रुग्णालयातल्या नर्सच्या बाबतीत मात्र व्यवस्थापनाचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं, कारण रुग्णाने साखळी ओढली तर इजा होऊ शकते, हा सुरक्षेचा मुद्दा होता. मला दोन्ही निकाल पटतात. रुग्ण, लहान मुलं किंवा यंत्रं यांच्याजवळ काम करणाऱ्यांनी गळ्यात लोंबती साखळी ठेवूच नये. क्रॉस खिशात ठेवता येतो, कपड्याच्या आतल्या बाजूला पिनने लावता येतो. ट्रम्पिंग्टनच्या त्या मुलीचा तरी कुठे साखळीत होता?

आता निगा, कारण रोज घातलेला क्रॉस रोज झिजतो. सगळ्यात जास्त झीज होते ती कुणी बघत नाही त्या जागी. क्रॉसच्या वरच्या कडीच्या आत, जिथे साखळी टेकते तिथे, एक बारीक खाच पडत जाते. क्रॉस उजेडात धरून, साखळी बाजूला सारून, त्या कडीचा वरचा भाग अधूनमधून बघावा. तो खालच्या भागापेक्षा निम्मा पातळ दिसला की डाग देऊन भरून घ्यावा. क्रॉस हरवतात ते बहुतेक तिथूनच किंवा हुकाच्या शेजारच्या कडीतून. हुकांत खेकड्याच्या नांगीसारखा दिसणारा लॉबस्टर क्लॅस्प मला गोल, छोट्या खिट्टीने उघडणाऱ्या स्प्रिंग रिंगपेक्षा भरवशाचा वाटतो, बोटांनाही धरायला सोपा.

कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि मग स्वच्छ पाणी. सोन्याला याहून जास्त काही लागत नाही. नक्षीच्या खाचांत लोशन आणि घाम साचतो, त्यामुळे चमक गेल्यासारखी वाटते. सोनं स्वतः काळवंडत नाही, काळवंडतं ते त्यात मिसळलेलं तांबं किंवा चांदी. पोहायला जाताना क्रॉस काढून ठेवावा, तलावातल्या पाण्यातलं क्लोरीन मिश्र सोन्याला ठिसूळ करतं. अत्तर आधी, क्रॉस नंतर. आणि काढून ठेवताना हूक लावूनच वेगळ्या मऊ पिशवीत ठेवावा. हूक उघडा राहिला की साखळीला गाठ बसते आणि बारीक साखळीची गाठ सोडवायला दोन सुया आणि भरपूर संयम लागतो.

कुणाला भेट द्यायचा असेल तर मात्र लांबी आपण ठरवू नये. टोकाला दोन-तीन जास्तीच्या कड्या असलेली साखळी घ्यावी, म्हणजे तीच 16 वरही लावता येते आणि 18 वरही. क्रॉस मध्यम, साधा, खड्यांशिवाय. घेणाऱ्याची मान, त्याचे कपडे, त्याची श्रद्धा यांचा आपल्याला अंदाज असतो, पण तो कुठे विसावावा हे ज्याचं त्यालाच कळतं. मी देते तेव्हा पिशवीत दोऱ्याचं एक छोटं रीळही ठेवते आणि आरशासमोर काय करायचं ते चिठ्ठीत लिहिते.